इशारा-थकवा, वैद्यकीय

इशारा-थकवा, वैद्यकीय : रुग्णालयातील संगणकीय निर्णयसाहाय्य प्रणालीकडून मिळणारे बहुसंख्य इशारे निरुपयोगी ठरल्यामुळे चिकित्सक, परिचारिका व औषधनिर्माते यांच्या मनात एकंदर सर्वच इशाऱ्यांविषयी जी उदासीनता उत्पन्न होते, तीस ‘इशारा-थकवा’ म्हणतात. इंग्रजीत ही अवस्था ‘अलर्ट फटीग’ या नावाने ओळखली जाते. थकवा हा शब्द येथे शारीरिक श्रमाच्या अर्थाने वापरलेला नाही. एकच उद्दीपक वारंवार मिळत राहिला व त्यामागून महत्त्वाचे काही घडले नाही, तर त्यास दिला जाणारा प्रतिसाद क्षीण होत जातो. या मानसशास्त्रीय नियमाचाच हा आविष्कार होय. ‘लांडगा आला रे आला’ या बालकथेतील गावकरी आळशी नव्हते. अनुभवाने ते तसे वागण्यास शिकले होते. इशारा-थकव्याचा धोका असा की, शंभर अनावश्यक इशाऱ्यांबरोबर प्राणरक्षण करू शकणारा एखादा इशाराही न वाचता डावलला जातो.

निर्णयसाहाय्य प्रणालीचे कार्य : चिकित्सकाने औषधाचा आदेश संगणकावर नोंदविला की प्रणाली त्याची आपल्या ज्ञानसंग्रहातील नियमांशी तुलना करते. रुग्णास त्या औषधाची ॲलर्जी आहे काय, चालू असलेल्या दुसऱ्या औषधाशी त्याची घातक परस्परक्रिया होते काय, मात्रा वय, वजन आणि वृक्काची (मूत्रपिंडाची) कार्यक्षमता यांस अनुरूप आहे काय, एकच औषध दोन नावांनी दिले जात नाही ना, गर्भावस्थेत ते चालते काय, अशा गोष्टी काही क्षणांत तपासल्या जातात. एखाद्या नियमाचा भंग झालेला आढळल्यास पडद्यावर इशारा उमटतो. इशाऱ्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. अवरोधक इशारा चिकित्सकाचे काम थांबवितो व उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ देत नाही. अनवरोधक इशारा पडद्याच्या कडेला दिसतो. त्याची दखल घ्यावी किंवा न घ्यावी. अवरोधक इशाऱ्यांतही काही ‘पूर्ण प्रतिबंध’ स्वरूपाचे असतात. त्यांच्या बाबतीत तो आदेश देताच येत नाही. [⟶ संगणक].

इतिहास : संगणकाने चिकित्सकास मदत करावी ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे डी डॉम्बल व त्यांचे सहकारी यांनी पोटातील तीव्र वेदनेच्या ३०४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (१९७२) संगणकाचे निदान ९१·८ टक्के, तर ज्येष्ठ चिकित्सकांचे ७९·६ टक्के रुग्णांत बरोबर आले. त्याच दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात शॉर्टलिफ यांनी जंतुसंसर्गावरील उपचार सुचविणारी ‘मायसिन’ ही प्रणाली तयार केली, तर सॉल्ट लेक सिटी येथील एका रुग्णालयात होमर वॉर्नर यांची ‘हेल्प’ ही प्रणाली प्रत्यक्ष रुग्णसेवेत वापरली जाऊ लागली. अमेरिकेतील क्लेमंट मॅक्डॉनल्ड यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात मूलभूत मानला जातो. संगणकाने स्मरण दिले तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती कृती केली. स्मरण नव्हते तेव्हा हेच प्रमाण २२ टक्के होते. चुका अज्ञानामुळे होत नसून मनुष्य एका वेळी मर्यादित माहितीच हाताळू शकतो म्हणून होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षाची दुसरी बाजू पुढे तीस वर्षांनी स्पष्ट झाली. मनुष्याचे अवधान मर्यादित असल्यामुळे त्यास स्मरण देणारा संगणक उपयुक्त ठरतो. परंतु ते स्मरणही त्याच मर्यादित अवधानातून आपला वाटा मागते. बॉस्टन येथील एका रुग्णालयात बेट्स व सहकारी यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, संगणकावर औषधादेश नोंदविल्याने औषधविषयक गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटतात. अमेरिकेतील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज त्या देशाच्या वैद्यकीय संस्थेने १९९९ मध्ये वर्तविला. २००९ च्या कायद्याने तेथील रुग्णालयांना संगणकीय नोंदींसाठी आर्थिक साहाय्य मिळू लागले. परिणामी या प्रणाली झपाट्याने पसरल्या व त्यांबरोबर इशाऱ्यांची संख्याही वाढली.

व्याप्ती : वान डेर सिस व सहकारी यांनी २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यात औषधसुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले जात असल्याचे आढळले. वाइनगार्ट यांच्या २००३ मधील अभ्यासात प्राथमिक सेवेतील डॉक्टरांनी ॲलर्जीचे ९१ टक्के व तीव्र परस्परक्रियेचे ८९ टक्के इशारे डावलले होते. डावललेला प्रत्येक इशारा चुकीने डावलला गेला असे मात्र नव्हे. बहुतेक वेळा डॉक्टरांचा निर्णय योग्यच असतो. कारण तो धोका त्यांना आधीच ठाऊक असतो, किंवा रुग्ण ते औषध पूर्वीपासून विनातक्रार घेत असतो. मात्र योग्य कारणाने डावलण्याची सवय जडली की वाचून डावलणे आणि न वाचता डावलणे यांतील फरक नाहीसा होतो.

अशा सवयीचा परिणाम काय होऊ शकतो, हे कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठ-रुग्णालयात २०१३ मध्ये घडलेल्या घटनेवरून दिसते. सोळा वर्षांच्या एका मुलास एका प्रतिजैव औषधाची एक गोळी द्यावयाची होती. पडद्यावर मात्रेचे एकक ‘मिलिग्रॅम’ असे नसून ‘दर किलोग्रॅम वजनास मिलिग्रॅम’ असे निवडलेले राहिल्यामुळे आदेश साडेअडतीस गोळ्यांचा झाला. प्रणालीने डॉक्टरांस इशारा दिला, पुढे औषधनिर्मात्यासही दिला. दोघांनीही तो नेहमीच्या इशाऱ्यांपैकी एक समजून बंद केला. यंत्राने गोळ्या बिनचूक मोजल्या आणि परिचारिकेच्या हातातील पट्टिकावाचकाने मात्रा आदेशाप्रमाणेच असल्याचा निर्वाळा दिला. मुलास आकडी आली. सुदैवाने तो वाचला. यात प्रणाली गप्प बसलेली नव्हती. तिचे बोलणे ऐकू येण्याजोगे राहिले नव्हते.

रुग्णशय्येजवळील यंत्रांच्या घंटांबाबतही हीच समस्या आढळते. अमेरिकेतील रुग्णालय-मान्यता मंडळाने एप्रिल २०१३ मध्ये प्रसृत केलेल्या पत्रकानुसार जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात घंटांशी संबंधित ९८ दुर्घटना त्याच्याकडे नोंदल्या गेल्या; त्यांपैकी ८० प्रसंगी रुग्ण दगावले. त्याच पत्रकात ८५ ते ९९ टक्के घंटांना कोणतीही वैद्यकीय कृती करावी लागत नाही, असेही नमूद आहे.

कारणे : पहिले कारण गणिती आहे. समजा, १,००० औषधादेशांपैकी १० खरोखर धोकादायक आहेत. प्रणाली त्यांतील ९ ओळखते, तसेच उरलेल्या ९९० निर्धोक आदेशांपैकी फक्त १० टक्क्यांवर, म्हणजे ९९ आदेशांवर, चुकून इशारा देते. कागदावर ही प्रणाली उत्तम दिसते. परंतु एकूण १०८ इशाऱ्यांपैकी खरे केवळ ९, म्हणजे बारांत एक, एवढेच असतात. डॉक्टर दहांपैकी नऊ इशारे न वाचता बंद करू लागले, तर प्रत्यक्षात जेमतेम एक धोका टळतो. आता नियम कडक करून खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्यावर आणले व त्यापायी एक खरा धोका निसटून ८ च ओळखले गेले, असे मानू. इशारे १८ होतील व त्यांत ८ खरे असतील. डॉक्टरांनी त्यांतील निम्मे जरी वाचले, तरी ४ धोके टळतील. कमी धोके ओळखणारी प्रणाली अशा रीतीने अधिक रुग्णांचे रक्षण करू शकते. धोका विरळ असेल तेथे खोट्या इशाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते, हा संख्याशास्त्रीय नियम यामागे आहे.

दुसरे कारण ज्ञानसंग्रहाच्या स्वरूपात आहे. बहुतेक रुग्णालये व्यापारी संस्थांनी तयार केलेले ज्ञानसंग्रह विकत घेतात. एखादी परस्परक्रिया वगळल्यामुळे अपाय झाल्यास दोष आपल्यावर येईल, या भीतीने त्यांत शक्य तितक्या परस्परक्रियांचा समावेश केला जातो. अनावश्यक इशाऱ्याचा दोष मात्र कोणावरच येत नाही. त्याची किंमत डॉक्टरांच्या वेळेतून व रुग्णाच्या सुरक्षिततेतून चुकती होते. तिसरे कारण म्हणजे अपुरा संदर्भ. ‘पेनिसिलिनने मळमळ झाली’ ही नोंद ॲलर्जी म्हणून राहून जाते, थांबविलेले औषध यादीत चालूच दिसते, वृक्काच्या तपासणीचा निकाल प्रणालीपर्यंत पोहोचलेला नसतो. चौथे कारण पुनरावृत्ती होय. न्यूयॉर्क येथील अँकर व सहकारी यांच्या अभ्यासात (२०१७) एकाच भेटीत मिळणाऱ्या प्रत्येक जादा स्मरणसूचनेगणिक ती स्वीकारली जाण्याची शक्यता ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

उपाय : इशाऱ्यांची तीव्रतेनुसार श्रेणी लावणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला आहे. अतितीव्र धोक्यास पूर्ण प्रतिबंध, मध्यम धोक्यास कारण नोंदवून पुढे जाण्याची मुभा असलेला अवरोधक इशारा आणि सौम्य धोक्यास अनवरोधक सूचना अशी तीन श्रेणींची रचना सामान्यतः करतात. पॅटर्नो व सहकारी यांनी २००९ मध्ये एकच ज्ञानसंग्रह वापरणाऱ्या दोन रुग्णालयांची तुलना केली. श्रेणी लावलेल्या रुग्णालयात अतितीव्र इशारे १०० टक्के पाळले गेले. श्रेणी नसलेल्या ठिकाणी तेच प्रमाण ३४ टक्के होते. मध्यम इशाऱ्यांच्या बाबतीतही हे प्रमाण अनुक्रमे २९ व १० टक्के आढळले. ज्या परस्परक्रियांसाठी डॉक्टरांचे काम थांबविणे गरजेचे नाही, अशा ३३ औषधवर्ग-जोड्यांची यादी अमेरिकेतील तज्ञांच्या एका गटाने एकमताने तयार करून प्रसिद्ध केली आहे.

पूर्ण प्रतिबंध जपून वापरावा लागतो. फिलाडेल्फियातील दोन रुग्णालयांत वॉर्फारिन (रक्त गोठू न देणारे औषध) आणि एक सल्फा-प्रतिजैव ही दोन्ही एकत्र देण्यास जवळजवळ पूर्ण प्रतिबंध करून पाहण्यात आला. स्ट्रॉम व सहकारी यांच्या या प्रयोगात (२०१०) अपेक्षित कृतीचे प्रमाण १३·५ वरून ५७·२ टक्क्यांपर्यंत गेले. परंतु चार रुग्णांना आवश्यक उपचार मिळण्यास विलंब झाल्यामुळे प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. ज्या आदेशास कोणत्याही परिस्थितीत समर्थन असू शकत नाही, तेथेच असा प्रतिबंध योग्य ठरतो.

इशाऱ्याची वेळ, व्यक्ती व मजकूर यांनाही तितकेच महत्त्व आहे. औषध निवडण्यापूर्वी दिलेली सूचना निवडीनंतरच्या हरकतीपेक्षा सहज स्वीकारली जाते. मात्रेच्या गणनेबाबतचा इशारा औषधनिर्मात्यास, तर रक्ततपासणीचे स्मरण परिचारिकेस देणे पुष्कळदा सोयीचे असते. ‘परस्परक्रिया संभवते’ एवढेच न सांगता अपाय कोणता, त्याची शक्यता किती आणि पर्याय काय, हे दोन ओळींत सांगावे व पर्यायी आदेश तेथेच निवडता यावा. एकदा विचारपूर्वक नाकारलेला इशारा त्याच रुग्णाबाबत रोज पुन्हा दाखवू नये.

सर्वांत महत्त्वाचा उपाय प्रशासकीय स्वरूपाचा आहे. डॉक्टर, औषधनिर्माते, परिचारिका व संगणकतज्ञ यांची समिती प्रत्येक इशाऱ्याचा ठराविक कालावधीने आढावा घेते. तो किती वेळा उमटला, किती वेळा डावलला गेला, डावलण्याची कारणे कोणती आणि डावलल्यानंतर रुग्णाचे काय झाले, हे तपासले जाते. बहुतेक वेळा डावलला जाणारा आणि तरीही अपाय न घडलेला इशारा काढून टाकला जातो किंवा अनवरोधक केला जातो. नवा नियम अंमलात आणण्यापूर्वी काही आठवडे तो पडद्यावर न दाखविता पार्श्वभूमीत चालवून पाहणे हितावह असते. बंद पडलेल्या इशाऱ्यांवरही लक्ष ठेवावे लागते. बॉस्टनमधील एका रुग्णालयात अमिओडॅरोन या हृदयौषधाचा प्रणालीतील संकेतांक बदलल्यामुळे ते घेणाऱ्यांची अवटू ग्रंथीची तपासणी सुचविणारा नियम निकामी झाला होता, हे दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात आले नाही. इशाऱ्यांच्या गर्दीत एखाद्या इशाऱ्याची अनुपस्थिती जाणवत नाही.

भारतातील स्थिती : केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींची मानके २०१३ मध्ये प्रथम जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यक सेवा व २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत संगणकीय औषधादेश रुळत असून ही पद्धत क्रमाक्रमाने शासकीय व ग्रामीण आरोग्यसेवेतही येऊ लागली आहे. त्यामुळे इशारा-थकव्याचा प्रश्न येथे अद्याप घडत्या अवस्थेत आहे आणि तो आधीच टाळण्याची संधीही उपलब्ध आहे.

परदेशी ज्ञानसंग्रह जसेच्या तसे वापरल्यास येथील परिस्थितीत अनावश्यक इशाऱ्यांची भर पडते. क्षयाच्या प्रमाणित उपचारात रिफँपिसीन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड व एथांब्युटॉल ही औषधे एकत्र दिली जातात. त्यांपैकी पहिली तिन्ही यकृतास अपायकारक ठरू शकतात. त्यामुळे केवळ जोड्या तपासणारी प्रणाली एकाच प्रमाणित उपचारावर तीन इशारे देऊ शकते. ते प्रत्येक क्षयरुग्णाबाबत उमटतील आणि प्रत्येक वेळी डावलले जातील. उलट, रिफँपिसीन यकृतातील विकरांची क्रिया वाढवून गर्भनिरोधक गोळ्या, वॉर्फारिन, मधुमेहावरील सल्फॉनिल यूरिया गटातील औषधे आणि एचआयव्हीवरील डोल्युटेग्राव्हिर यांचा प्रभाव घटविते. या वेळी दिलेला इशारा मोलाचा असतो. पण पहिल्या तिन्हींच्या मागे तो दडून जाण्याचा संभव असतो [⟶ क्षयरोग]. एकाच गोळीत अनेक औषधे असलेल्या निश्चित-मात्रा मिश्रणांचा प्रसार हीदेखील येथील एक अडचण आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ व ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी घातली. तरी बाजारात उरलेल्या मिश्रणांचे व्यापारी नावांवरून घटक ओळखता आले नाहीत, तर दुहेरी मात्रेचा खरा धोका निसटतो.

स्थानिक रोगांचे ज्ञान परक्या ज्ञानसंग्रहात असेलच असे नाही. महाड (जि. रायगड) येथील हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विषारी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते, असे दाखवून दिले. अन्यत्र ते रक्तदाबावरील औषध म्हणून ओळखले जाते. केवळ त्या उपयोगावर बेतलेला नियम विंचूदंश झालेल्या बालकास प्राझोसिन देण्यास हरकत घेऊ शकतो आणि योग्य उपचारच चुकीचा भासू शकतो.

अपुऱ्या नोंदींचा प्रश्न ग्रामीण भागात अधिक तीव्र असतो. उदा., पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील डिंगोरे येथील एखादा रुग्ण गावातील वा ओतूरचा खाजगी दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, जुन्नर किंवा नारायणगाव येथील ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि अखेरीस पुण्याचे ससून रुग्णालय अशा टप्प्यांनी उपचार घेऊ शकतो. प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळा असेल, तर शेवटच्या ठिकाणच्या संगणकास निम्मी औषधे ठाऊकच नसतात. तो नको तेथे बोलतो व हवे तेथे गप्प राहतो. वेळेची मर्यादाही मोठी आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्राथमिक सेवेत डॉक्टर एका रुग्णास देत असलेला वेळ स्वीडनमध्ये सरासरी २२·५ मिनिटे, तर भारतात सु. २ मिनिटे आहे. वीस मिनिटांच्या भेटीत चार इशारे सोसता येतात; दोन मिनिटांच्या भेटीत एक देखील जड होतो.

अशा ठिकाणी थोडे व नेमके इशारे उपयोगी ठरतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या भातशेतीच्या पट्ट्याचे उदाहरण घेता येईल. घोणस वा फुरशाच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. सर्पदंशाची नोंद झालेल्या रुग्णाच्या अखंड रक्ताची वीस मिनिटांची गोठण-चाचणी झालेली नसताना ॲस्पिरीनसारखे वेदनाशामक किंवा स्नायूत द्यावयाचे अंतःक्षेपण नोंदविले गेले, तर प्रणालीने काम थांबवून चाचणी सुचवावी. असा प्रसंग विरळ असतो, धोका मोठा असतो, तो टाळण्याचा उपाय हाताशी असतो आणि उपाय करण्यास वेळही उरलेला असतो. अवरोधक इशारा कोणत्या प्रसंगी द्यावा, याच्या या चार कसोट्या म्हणता येतील.

कृत्रिम बुद्धिमत्ता व भविष्य : रुग्णाच्या नोंदींवरून यंत्र-अध्ययनाने धोक्याचे भाकीत करणाऱ्या प्रणालींमुळे इशारे अधिक अचूक होतील, अशी अपेक्षा आहे, परंतु केवळ तंत्र बदलल्याने प्रश्न सुटत नाही. जंतुविषरक्ततेचे भाकीत करणाऱ्या व अमेरिकेत व्यापक प्रमाणात वापरल्या गेलेल्या एका प्रतिमानाची मिशिगन विद्यापीठात स्वतंत्र परीक्षा झाली (२०२१). ३८,४५५ रुग्ण-प्रवेशांपैकी १८ टक्के प्रसंगी त्याने इशारा दिला, तरीही जंतुविषरक्तता झालेल्या ६७ टक्के रुग्णांस ते ओळखू शकले नाही. ज्या लोकसमूहात प्रणाली वापरावयाची, त्याच लोकसमूहात तिची परीक्षा घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

इशारा-थकव्याची जबाबदारी चिकित्सकाच्या निष्काळजीपणावर टाकण्याची प्रवृत्ती पुष्कळ ठिकाणी आढळते. डावललेल्या इशाऱ्याची नोंद संगणकात कायम राहत असल्यामुळे दुर्घटनेनंतर ती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून सहज दाखविता येते. तथापि दिवसभरात डावलाव्या लागलेल्या इतर इशाऱ्यांची संख्या त्याबरोबर पाहिली जात नाही. ती पाहिल्याशिवाय त्या एका कृतीचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. औषधाप्रमाणेच इशाऱ्यालाही योग्य मात्रा असते. ती ठरविणे, वेळोवेळी तपासणे व अनावश्यक इशारा काढून टाकण्याचा निर्णय लेखी कारणांसह घेणे, हे काम प्रणाली चालविणाऱ्या संस्थेचे आहे.